नक्कलबाईंची पाच पानं

नक्कलबाई हे नाव ऐकून नवखा माणूस हमखास फसायचा. त्याला वाटायचं, ही बाई लोकांच्या नकला करत असेल, आवाज काढत असेल, चारचौघांत हशा पिकवत असेल. मग तो तिला प्रत्यक्ष पाहायचा आणि आपोआप शर्टाचं वरचं बटण लावायचा. उभट चेहरा, नाकाच्या शेंड्यावर टेकलेला चष्मा, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला वाटाण्याएवढा घट्टा, आणि दोन कानांमागे दोन पेनं, डावीकडे निळं, उजवीकडे लाल. बाई हसल्या तरी समोरच्याला वाटावं, आपलं काहीतरी चुकलं.

बाईंचं काम नाटकाच्या नकला लिहिण्याचं. त्यांच्या मंडळीत नटाच्या हातात अख्खं नाटक देत नसत; दिलं की तो दुसऱ्याची भाषणं आपल्यापेक्षा किती लांब आहेत ते बघत बसतो आणि रुसतो. प्रत्येकाला त्याची त्याची भाषणं तेवढी उतरवून द्यायची, आणि प्रत्येक भाषणाच्या डोक्यावर आधीच्या माणसाचे शेवटचे दोन-तीन शब्द खूण म्हणून लिहायचे. ते शब्द कानावर पडले की आपलं तोंड उघडायचं. ह्या वहीला म्हणायचं नक्कल. आता यंत्रातून चुटकीसरशी प्रती निघत, पण जुने नट म्हणत, छापील अक्षर डोळ्यांत जातं, डोक्यात जात नाही. बाईंचं अक्षर थेट जिभेवर येऊन बसतं.

लिहिण्याची त्यांची एक रीत होती. मूळ संहितेत आधी सगळ्या खुणांखाली लाल रेघ ओढून घ्यायची. मग एक लाल खूण शोधायची, ती उतरवायची, तिच्यापुढचं भाषण निळ्या शाईत उतरवायचं. मान वर करून बोटं मोडायची. पुन्हा संहितेकडे वळताना शेवटची लाल खूण शोधायची आणि तिथून पुढे निघायचं. प्रयोगाच्या वेळी ह्याच बाई विंगेत स्टुलावर बसत, मांडीवर संहिता घेऊन, आणि अडलेल्या नटाला कुजबुजून वाक्य पुरवत.

"चौतीस वर्षांत एक वेलांटी इकडची तिकडे झाली असेल तर दाखवा," असं त्या येताजाता सांगत. दाखवायला कुणी पुढे येत नसे. सापडत नसे हे एक, आणि सापडलीच तरी बाईंपुढे नेऊन धरायची छाती कुणाची?

अशा ह्या बाईंच्या मनात बावीस वर्षं एक माणूस रुतून बसला होता. प्रेमाबिमाचं नका मनात आणू. बाईंना त्या माणसाची फजिती हवी होती. अगदी तशीच, त्याच जागी, तितक्याच लोकांसमोर, जशी त्याने त्यांच्या नवऱ्याची केली होती.

त्या माणसाला सगळे राजे म्हणत. आयुष्यभर मुकुट घालून वावरल्यामुळे दाढी करतानाही त्यांची मान ताठ असायची. बाईंचे यजमान सेनापती. मंडळीचं सगळ्यात जुनं आणि गाजलेलं नाटक सूडाचं होतं, आणि त्यात हे दोघे समोरासमोर. गोष्ट साधी: सेनापतीचा तरुण मुलगा कुणीतरी मारलेला असतो. कुणी ते बारा वर्षं कळत नाही. तिसऱ्या अंकात राजा सेनापतीला म्हणतो, माग काय हवं ते. सेनापती हसून म्हणतो, "वय झालं महाराज. मागायला आता उरलं काय?" राजाला ते शब्द सोसत नाहीत आणि तो कबुली देतो: तुझा मुलगा मीच मारला. का मारला, कसा मारला, कसा गप्प बसलो, असं पाच पानं चालतं. मग सेनापती वेगळ्याच आवाजात म्हणतो, "आता उरलं काय?" आणि राजा उत्तर देतो, "उरलोय मी. काढ तलवार." तलवार निघते, थिएटर श्वास रोखतं, पडदा पडतो.

बावीस वर्षांपूर्वी झालं असं, की मूळचा राजा करणारा नट आजारी पडला आणि चार दिवसांच्या बोलीवर ह्या नव्या माणसाला आणलं. बाईंनी एका दिवसात त्याची नक्कल लिहून दिली. दोन अंकांच्या तालमी झाल्या. तिसऱ्याच्या दिवशी पडद्याची दोरी तुटली आणि सगळे माना वर करून दोरीकडे बघत बसले. तालीम राहिली ती राहिली. प्रयोगाला खुर्च्या भरलेल्या. सेनापती हसून म्हणाले, "मागायला आता उरलं काय?" आणि राजा छाती पुढे काढून गरजला, "उरलोय मी! काढ तलवार!"

पाचही पानं गडप. ज्या कबुलीसाठी सेनापती बारा वर्षं थांबला होता ती आलीच नाही. आता एक म्हातारा सरदार आपल्याला बक्षीस देऊ करणाऱ्या राजाला कशासाठी मारील? सेनापतींचा हात मुठीवर गेला आणि तिथंच राहिला. विंगेतून बाई वाक्य पुरवत होत्या, पण ते राजाचं वाक्य, आणि राजा छाती काढून वाट बघत उभा. अर्धं मिनिट गेलं असेल. तेवढ्यात गॅलरीतून कुणीतरी म्हणालं, "अहो काढा ना! गंजलीय का?"

थिएटर फुटलं. लोक हसताना खुर्च्यांच्या पाठी बडवत होते. पडदा पाडावा लागला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सेनापतींनी राजांना विचारलं, "का खाल्लीत पानं?"

राजे मान खाली घालून म्हणाले, "चुकलं."

मंडळीच्या मालकांनी विचारलं, "नक्कल कुठंय तुमची? बघू."

"हरवली."

बस्स. चुकलं आणि हरवली. बाईंना त्या दिवशी वाटलं, माणसाने निदान 'माझं' तरी म्हणायचं. नुसतं 'चुकलं' म्हणजे पाणी सांडलं, दिवा गेला, तसं काहीतरी आपोआप झाल्यासारखं. आणि वर आपण दिवसभर मान मोडून लिहिलेली नक्कल हरवून बसला. म्हणजे केलं ते जाणूनबुजून. नवा आला होता, जुन्याचे पाय ओढायचे होते. बाईंनी दुसरी नक्कल लिहून दिली, दात आवळून, आणि राजे त्या दिवसापासून मंडळीतच राहिले.

सेनापतींचं मात्र संपलं. दुकानात गेले तर दुकानदार गालातल्या गालात म्हणायचा, "काय सेनापती, निघाली का?" पुढे दोनदा रंगमंचावर उभे राहिले, आणि दोन्ही वेळा त्याच वाक्याशी आवाज बसला. मग त्यांनी सामानाच्या खोलीचं काम घेतलं. तिथं एका पेटीवर बसून ते लाकडी ढाली पुसत आणि ती एक खरी लोखंडी तलवार तेल लावून लावून घासत. रोज काढून बघत. रोज निघे. सहाव्या वर्षी पोटाच्या दुखण्याने गेले.

मागे राहिल्या बाई आणि वन्सं. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, बाईंपेक्षा सात वर्षांनी मोठ्या, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने ठणठणीत. दोन खोल्यांत दोघी. भाऊ घरात येरझारा घालत भाषणं पाठ करायचा तेव्हा समोरच्या राजाची वाक्यं वन्संच म्हणायच्या, त्यामुळे नाटक त्यांना उलटंसुलटं पाठ. आणि आठवड्यातून एकदा तरी चहा ओतताना त्या विचारायच्या, "कसा आहे मेला?"

"आहे."

"अडखळला का कुठं?"

"नाही वन्सं."

"अडखळेल. मी बसलेय वाट बघत."

वाट बघायला बाईही बसल्या होत्या, पण वाव मिळत नव्हता. राजांना खुणेची गरज पडेना, कुजबुजीची पडेना, स्मरण लोखंडासारखं. रोज संध्याकाळी बाई विंगेत बसत, त्यांच्या ओठांकडे बघत, आणि राजे एक अक्षर न सांडता भाषण पुरं करून जाताना म्हणत, "बाई, आज तुम्हाला फुकट बसवलं." बाई म्हणत, "बसते हो. सवय आहे."

आणि मग लोखंडाला गंज चढू लागला. आधी राजे नावं विसरले, मग तारखा. मग चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधू लागले. वाक्यंही निसटू लागली. त्यांनी तोड काढली: प्रत्येक प्रवेशाआधी विंगेतल्या खुर्चीत बसून नक्कल वाचायची आणि वाचलेलं ताजं असतानाच आत शिरायचं. रंगभूषावाले काका म्हणायचे, "राजे आता गरम गरमच वाढतात. निवलं की संपलं."

मंडळीने ठरवलं, त्याच जुन्या नाटकाचा एक दुपारचा प्रयोग करून राजांना निरोप द्यायचा. नाटक बसवायला शहरातून शिकून आलेली एक तरतरीत दिग्दर्शिका आली. तिचं नाव पहिल्याच दिवशी पडलं हेतूबाई, कारण ती ज्याला त्याला विचारायची, "तुमच्या पात्राचा हेतू काय?" मशाल धरून उभ्या राहणाऱ्या गड्यालाही तिने विचारलं. तो म्हणाला, "मशाल पडू न देणं." पडदेवाल्याला विचारलं नव्हतं, तर तो आपणहून म्हणाला, "माझा हेतू घरी लवकर जाणं."

एका तालमीत हेतूबाई सेनापतीपाशी अडल्या. "बारा वर्षं हा माणूस थांबतो कसा? राग इतका टिकतो?"

नवा सेनापती तिशीतला होता, खांदे भक्कम, उत्तर पातळ. तो म्हणाला, "नाटककाराने थांबवला म्हणून."

विंगेतल्या स्टुलावरून आवाज आला, "दूरच्या माणसावरचा राग शिळा होतो. राजा रोज समोर दिसतो ना, म्हणून तो ताजा राहतो."

हेतूबाईंनी ते लिहून घेतलं; नाटकातल्या सेनापतीला राजाचा संशयही नसतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. मग वळून विचारलं, "आणि राजा कबुली का देतो हो? बारा वर्षं गप्प बसलेला माणूस एकाएकी का बोलतो? कुणी विचारलेलंही नसतं."

"लिहिलंय म्हणून," बाई म्हणाल्या.

खुर्चीत बसलेले राजे हे ऐकून हसले. का हसले, ते कुणी विचारलं नाही.

प्रयोगाच्या आधी आठ दिवस, तालमी संपल्यावर, राजे बाईंकडे आले. जुन्या नकलेचे कोपरे गळून पडत होते, शिवण सुटली होती. म्हणाले, "बाई, नवी करून द्याल? अक्षर मोठं काढा. शेवटचीच."

"ही ठेवून जा माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "नव्यात जुनी मिसळायला नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई टेबलाशी बसल्या. शेजारच्या खोलीत वन्सं पाय पसरून झोपल्या होत्या. पहिला अंक झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात नवव्या पानाच्या अगदी शेवटी लाल रेघेवर खूण आली: आता उरलं काय. बाईंनी ती मोठ्या अक्षरात उतरवली. मग शांतपणे दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा अशी पानं उलटली, चौदाव्याच्या शेवटच्या ओळीवर तीच लाल खूण गाठली, आणि पहिल्या खुणेखाली निळ्या शाईत लिहिलं: उरलोय मी. काढ तलवार.

अक्षर नेहमीपेक्षा सुरेख आलं.

पुढचं सगळं त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं. राजे प्रवेशाआधी हेच वाचणार आणि आत जाऊन हेच बोलणार. आपण विंगेत गप्प. लोक हसतील. म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. नव्या सेनापतीचा हातही मुठीवर अडकेल, हे बाईंच्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं, आणि त्यांनी ते उचलून बाजूला ठेवलं. मग कुणी नक्कल तपासली आणि विचारलं, बाई हे काय, तर द्यायचं उत्तर तयार होतं. त्यासाठी डोकं चालवावं लागलं नव्हतं. ते बावीस वर्षांपूर्वीच कानात पडलं होतं. मान खाली घालायची आणि एकच शब्द म्हणायचा: चुकलं.

वन्सं उठून आल्या तेव्हा बाई वही शिवत होत्या.

"झाली का मेल्याची?"

"झाली."

"आणि शेवटी फुलंबिलं देणार म्हणे त्याला. कोण देणार? तूच का?"

"बघू ना वन्सं, कोण देतं आणि काय देतं."

वन्संनी वहिनीकडे जरा निरखून पाहिलं. मग त्या चहाच्या भांड्याकडे वळल्या, आणि कितीतरी दिवसांनी गुणगुणायला लागल्या.

प्रयोगाच्या दुपारी थिएटर भरलं. दोन अंक बिनबोभाट गेले. राजे खुर्चीत वाचत, उठून जात, बोलून येत. मध्यंतर झालं. बाई संहिता काखेत धरून विंगेकडे निघाल्या होत्या, तेवढ्यात रंगभूषावाले काका आले. "बाई, राजे बोलावताहेत रंगपटात. एकट्याच या म्हणालेत. काय ओ, भानगड काय? मला बाहेर काढलं, माझ्याच खोलीतून."

रंगपटात आरशाभोवती दिवे जळत होते. राजे मुकुट मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांच्यासमोर नवी नक्कल उघडी होती. तिसरा अंक. बाईंनी ते पान दारातूनच ओळखलं. शब्द जिभेवर आणून ठेवला.

पण राजे रागावलेले दिसेनात. उलट त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं, लहान पोराने तीच खोडी पुन्हा केल्यावर असतं तसं.

"बाई," ते म्हणाले, "पुन्हा तिथंच?"

'पुन्हा' ह्या शब्दाचा बाईंना अर्थ लागेना. राजांनी पायाशी असलेली पत्र्याची पेटी उघडली, तळातून पिवळी पडलेली एक वही काढली आणि नव्या वहीशेजारी ठेवली. "तशी मी ही कुणाला दाखवणार नव्हतो. पण आज गंमत वाटली. बावीस वर्षं झाली, आणि नजर घसरली ती नेमकी त्याच पायरीवर."

बाईंनी वाकून पाहिलं. अक्षर त्यांचं. तरुणपणीचं, जरा उजवीकडे कललेलं. लाल खूण: आता उरलं काय. तिच्याखाली निळ्यात: उरलोय मी. काढ तलवार. मध्ये काही नाही. दोन वह्या, दोन पानं, शेजारी शेजारी. एक चुकून लिहिलेलं, एक मुद्दाम, आणि एका वेलांटीचा फरक नाही.

मग त्यांना तो दिवस आठवला. इतका स्वच्छ, की तो कधी विसरलाच नव्हता असं वाटावं. नवव्या पानाच्या शेवटी आल्या असताना आतून नवऱ्याची हाक आली होती, "अगं, माझ्या कमरपट्ट्याचं बक्कल सुटलंय, देतेस का शिवून?" त्या उठल्या होत्या. बक्कल शिवलं होतं, दोरा दाताने तोडला होता. परत येऊन बसल्या आणि शेवटची लाल खूण शोधली. सापडली. तिथून पुढे निघाल्या.

"तुम्ही बोलला का नाहीत?" बाईंनी विचारलं.

राजांनी मुकुट हातात फिरवला. "दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं तेव्हा तुम्ही त्याच्या मागे उभ्या होतात. मी वही दाखवली असती तर तो वळून तुमच्याकडे बघणार होता. मला वाटलं, मला शिव्या घालील, दोन महिन्यांनी विसरेल." मुकुट त्यांनी परत मांडीवर ठेवला. "असं मी स्वतःला सांगत आलो. आता विसरायला होतं, तेव्हा खरं काय तेही सांगून टाकतो. लोक त्याला हसत होते ना, तेव्हा मला आत कुठंतरी बरं वाटलं होतं. मग वही दाखवून मी कुठल्या तोंडाने सुटणार होतो?"

बाहेर पहिली घंटा झाली.

"आणि आज?" राजे म्हणाले. "आज काय झालं? डोळे थकले का?"

बाईंचं तोंड उघडलं. आणि आठ दिवस जिभेवर तयार ठेवलेला तो शब्द आपोआप बाहेर पडला.

"चुकलं."

राजांनी त्यांच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, बघतच राहिले. खुणेचा शब्द ऐकू आला आणि पुढचं वाक्य आठवत नाही, तसे. त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू उतरलं. त्या जागी काय आलं ते रंगामुळे कळलं नाही. दोन्ही वह्या त्यांनी एकावर एक ठेवल्या, पेटीत घातल्या, पेटीला कडी लावली.

"ती पाच पानं माझ्या डोक्यात नाहीत बाई," ते म्हणाले. "तालमीतही जुनी वही वाचूनच शिरायचो, ती तुमच्या घरी. आता वाचायला ती फक्त तुमच्या मांडीवरच्या संहितेत आहेत. तिचं बारीक अक्षर मला दिसत नाही, आणि उतरवून घ्यायला वेळ नाही."

दुसरी घंटा झाली. राजांनी मुकुट चढवला. "तुम्ही सांगाल तसं बोलेन," असं म्हणून ते पुढे निघून गेले. त्यांची पाठ दिसत होती, मान ताठ. हा विश्वास होता की धमकी, हे बाईंना कळलं नाही.

तिसरा अंक सुरू झाला. बाई स्टुलावर बसल्या, संहितेचं दहावं पान काढून. नव्या सेनापतीच्या कमरेला तीच तलवार होती, तेलाने काळी चकचकीत. राजाने म्हटलं, माग काय हवं ते. तो तरुण हसला. "वय झालं महाराज. मागायला आता उरलं काय?"

राजे गप्प.

पहिल्या रांगेत कुणीतरी खाकरलं. राजांनी मान किंचित विंगेकडे वळवली. त्यांना काही आठवत नव्हतं हे उघड दिसत होतं. हात मुकुटाशी गेला आणि परत आला. गॅलरीत खुर्ची करकरली. तिथं आता कोण बसलं असेल, आणि काय बोलेल, हे बाई ऐकतच होत्या. एवढं एक अर्धं मिनिट त्यांनी बावीस वर्षं मागितलं होतं.

त्यांनी ओठ हलवले. "तुझा मुलगा," त्या कुजबुजल्या, "माझ्या हातून गेला."

"तुझा मुलगा माझ्या हातून गेला," राजे म्हणाले.

"तू सगळ्या जगावर संशय घेतलास."

"तू सगळ्या जगावर संशय घेतलास."

एकेक ओळ. पाच पानं. बाई आजवर किती नटांना किती वाक्यं पुरवत आल्या होत्या, पण त्यातलं एकही वाक्य त्यांच्या घशाला असं घासून गेलं नव्हतं. लोकांना वाटलं, म्हातारा नट प्रत्येक वाक्य ओझ्यासारखं उचलून आणतोय. बायका डोळे पुसू लागल्या. हेतूबाई दुसऱ्या बाजूच्या विंगेत वही धरून उभ्या होत्या आणि लिहायचं विसरल्या होत्या. चौदाव्या पानावर ओळ होती, 'बारा वर्षं तू दुसऱ्याकडे बोट दाखवत राहिलास आणि मी बघत राहिलो.' बाई कुजबुजल्या, "बारा वर्षं तू दुसऱ्याकडे बोट दाखवत राहिलास आणि मी बघत राहिले."

राजांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून विंगेकडे पाहिलं. मग म्हणाले, "बघत राहिलो."

चौतीस वर्षांतली ती पहिली चूक, असं कुणी म्हटलं असतं. पण आता तेही खरं नव्हतं.

"आता उरलं काय?" सेनापती म्हणाला.

"उरलोय मी," राजांनी कुणाच्या मदतीशिवाय म्हटलं. "काढ तलवार."

तलवार एका झटक्यात निघाली. म्यानातून लोखंड सुटल्याचा तो लांब, स्वच्छ आवाज बाईंना सहा वर्षं सामानाच्या खोलीतून रोज ऐकू यायचा, तोच.

थिएटर उभं राहिलं. फुलं द्यायला हेतूबाई गेल्या. बाई पाठीमागच्या दाराने घरी आल्या. वन्संनी विचारलं, "अडखळला?" बाई म्हणाल्या, "नाही." वन्संचं गुणगुणणं तिथंच थांबलं.

राजांनी पेटी घरी नेली. पुढचे चार महिने बाई दिवसभर त्या पेटीचा विचार करत. माणूस गप्प बसण्यात पटाईत, हे त्यांना ठाऊक होतं. त्याने बावीस वर्षं करून दाखवलं होतं. पण काका बातम्या आणत, आणि बातम्या बऱ्या नव्हत्या. राजे आता माणसं ओळखत नाहीत. मनातलं आणि ओठांवरचं असा काही पडदा राहिलेला नाही. पोस्टमनला बसवून घेऊन पहिल्या बायकोबद्दल सांगितलं म्हणे, ते ऐकून दुसरी हातातली कात्री घेऊन बाहेर आली. "काय काय निघेल अजून त्या डोक्यातून," काका मिटक्या मारत म्हणाले. बाईंनी पेन कानामागे खोचलं, ते खाली पडलं.

आणि एका सकाळी वन्संनी काठी घेतली, चपला चढवल्या.

"कुठं निघालात वन्सं? गुडघे दुखतील."

"त्या मेल्याला बघून येते. गंजला म्हणतात पुरता. माझ्या डोळ्यांनी बघू दे, भावाला सांगायला होईल वर गेल्यावर."

बाई आडव्या आल्या नाहीत. काय सांगून अडवणार होत्या?

दोन तासांनी वन्सं परत आल्या. धापा टाकत खुर्चीत बसल्या आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"वेडाच झालाय गं. मला बघून म्हणतो, बाई आलात का. म्हटलं हो आले, बघू पुढं काय म्हणतो. तर पेटी उघडली आणि हे हातात दिलं. म्हणाला, तुमच्या वस्तू तुमच्याकडे असू देत, माझ्याकडून आता राखणं व्हायचं नाही." वन्संनी कागद सोडला. "दोन वह्या. दोन्हीत अक्षर तुझंच आहे की वहिनी. ही तर बरीच जुनी दिसते. भावाच्या वेळची का?"

त्यांनी चष्मा लावला. दोन्ही वह्या मांडीवर शेजारी शेजारी उघडल्या, आणि जुन्या सवयीने तिसरा अंक काढला; भाऊ येरझारा घालायचा तो हाच. ओठ हलवत त्या राजाची वाक्यं वाचू लागल्या. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं. लाल. निळं. लाल. निळं.

बाई टेबलाच्या कडेला धरून उभ्या होत्या. हात पुढे करून वही ओढून घेता आली असती. पान संपत आलं. बोट शेवटच्या लाल खुणेवर आलं, पुढे गेलं, थबकलं. पुन्हा मागे आलं. मग वन्संनी दुसऱ्या वहीत तीच जागा शोधली.

"वन्सं," बाई म्हणाल्या, "चुकलं."

वन्संनी मान वर केली नाही. बोटही उचललं नाही.

"कुणाचं?" त्यांनी विचारलं.